शेतातल्या भाजीचा हंगामी वाटा: गोव्यात पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी

दसरा जवळ आला की फोनवर निरोप फिरू लागतात. अमक्या शेतावर हंगामाचे वाटे सुरू झाले आहेत, नाव द्या, आगाऊ पैसे भरा, मार्चपर्यंत दर आठवड्याला गावठी भाजीची टोपली घ्या. निरोप छान असतो, पण त्यात निम्म्या गोष्टी सांगितलेल्या नसतात. मी गेले काही हंगाम असा वाटा घेते आहे. आमच्या वाड्यावरच्या सभासदांच्या टोपल्या आमच्याच व्हरांड्यात उतरतात, त्यामुळे नवीन माणसाला काय विचारायचे असते आणि तो कुठे नाराज होतो हे दर वर्षी जवळून बघायला मिळते. ते सगळे इथे क्रमाने मांडते.

आधी मूळ व्यवहार समजून घ्या, कारण गैरसमज तिथेच होतो. वाटा घेणे म्हणजे भाजी विकत घेणे नव्हे. तुम्ही हंगामाआधी पैसे देता, शेतकरी त्या पैशांतून बी, शेणखत, नांगरणी, कुंपण आणि मजुरी भागवतो, आणि जे पिकेल त्यातला ठरलेला भाग तुम्हाला मिळतो. पीक चांगले आले तर टोपली भरून येते, अवकाळी पावसाने झोडपले तर हलकी येते. जपानमध्ये १९७०च्या दशकात ग्राहक आणि शेतकरी असे जोडले गेले, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ १९७८ मध्ये असे शेत उभे राहिले आणि अमेरिकेत १९८६ मध्ये पहिली दोन शेते या पद्धतीने चालू झाली. तत्त्व सगळीकडे तेच: शेतकऱ्याला पैसा लागतो तो पेरणीच्या वेळी, आणि बाजार त्याला पैसा देतो तो तोडणीनंतर. मधली दरी सभासद भरून काढतात.

गोव्यात याची गरज जास्त आहे. आपल्या ताटातली बरीचशी भाजी बेळगावहून चोर्ला आणि अनमोड घाटांतून येते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत सीमा बंद झाल्या आणि पहिल्या काही दिवसांत भाजीसाठी लोकांची काय धावपळ झाली, ते कोणी विसरलेले नसेल. जवळच्या शेतात दर वर्षी थोडी तरी भाजी पिकत राहावी असे वाटत असेल, तर त्या शेतकऱ्याला ऑक्टोबरमध्ये पैसे मिळण्याची व्यवस्था हवी.

१. आधी गोव्याचा हंगाम समजून घ्या

शहरातून आलेल्या माणसाला वाटते की भाजी बारा महिने सारखीच मिळते. शेतावर तसे नसते, आणि गोव्यात तर मुळीच नाही. इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे भाजीचे दोन वेगळे हंगाम होतात आणि वाटेही त्याप्रमाणे दोन प्रकारचे असतात.

मोठा हंगाम वायंगणाचा. भाताची कापणी ऑक्टोबरमध्ये झाली की त्याच शेतात ओल असेपर्यंत वाफे घालतात. नवीन सभासदाने याच हंगामापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वांगी, मिरची, भेंडी, वाली, अळसांदे (गावठी चवळी), कोथिंबीर, काही ठिकाणी कोबी, असा भरपूर माल यात निघतो.

फक्त सगळे एकाच वेळी येत नाही. तांबडी भाजी आणि मुळा पेरल्यापासून साधारण महिन्याभरात तयार होतात. भेंडीला दीड महिना, लावणीनंतर नवलकोलला तेवढाच, वांगी-मिरचीला दोन महिन्यांहून जास्त, आणि अळसांद्यांच्या वाळलेल्या दाण्यांना तर तीन महिन्यांपर्यंत थांबावे लागते. म्हणजे पहिल्या तीन-चार टोपल्या पाला आणि मुळा यांनीच भरलेल्या असणार. नेमक्या याच वेळी नवे सभासद म्हणतात, "पैसे एवढे घेतले आणि नुसता पाला देतात." जानेवारीत त्याच टोपलीत वांगी मावत नाहीत. वाट बघायची तयारी ठेवूनच नाव द्या.

दुसरा हंगाम पावसाळ्याचा. काकडी, दोडकी, घोसाळी, पडवळ, कारली, भेंडी, अळू, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास चिबूड. काही शेतकरी टाकळा, फागलां, आकूर अशी रानची भाजीही टोपलीत घालतात. ही पेरलेली नसते, बांधावरून आणि डोंगरउतारावरून खुडलेली असते, म्हणून तिचा आग्रह धरू नका. पावसाळी वाटा लहान आणि बेभरवशाचा असतो. जोराच्या पावसात फुले गळतात, फळमाशी काकडी-कारल्यात शिरते. एक वायंगण हंगाम काढल्यावर तो घ्या.

एप्रिल आणि मे महिन्यांत बहुतेक वाटे बंद असतात. विहिरी खाली जातात, शेत विसावते.

२. घरात खप किती आहे ते बघा

दोन आठवडे घरात किती भाजी शिजते ते कागदावर लिहा, वजनासकट. मासे खाणाऱ्या घरात हा आकडा आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. आमच्यासारख्या चार माणसांच्या घरात, बहुतेक दिवस हुमण-भात असतो तिथे, आठवड्याला चार-पाच किलो पुरते. सोमवार-गुरुवार कडक पाळणाऱ्या घराला जास्त लागते. मार्गशीर्षात खप वाढतो, आणि तो महिना नेमका वायंगण हंगामात येतो, हे लक्षात घ्या.

शंका असेल तर अर्धा वाटा घ्या, किंवा शेजाऱ्याबरोबर एक वाटा भागीत घ्या. भागीत घेणार असाल तर एकाच्याच नावावर नोंदवा आणि शेतकऱ्याशी एकानेच बोलावे. दोन्ही घरांतून वेगवेगळे निरोप गेले की शेतावरचा माणूस वैतागतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

३. शेत कसे शोधायचे

सगळ्यात खात्रीचा मार्ग ओळखीतल्या सभासदाचा. तो नसेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी लवकर जा. जमिनीवर चार-पाच प्रकारांचे छोटे वाटे मांडून बसलेल्या बायकांशी बोला. ज्यांच्यापुढे मोजकीच, हंगामातली आणि आकाराने एकसारखी नसलेली भाजी असते, त्या बहुधा स्वतःच्या मळ्यातले विकत असतात. आगशी, ताळगाव, पर्रा या बाजूला हिवाळ्यात शेताकडेलाच विक्री दिसते. तिथे थांबून विचारायला काहीच हरकत नाही. तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयातही कोणत्या गावात भाजीची लागवड जास्त होते ते कळते. जुन्या गोव्यात एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथल्या कृषी विज्ञान केंद्राचा गावोगावच्या शेतकऱ्यांशी नेहमीचा संबंध असतो.

शेत घरापासून फार लांब नको. सांग्याच्या शेतातली भाजी पर्वरीला येईपर्यंत पाला कोमेजतो आणि वाहतुकीचा खर्च वाट्यात घुसतो. आपल्या किंवा लगतच्या तालुक्यातले शेत बघा.

जवळपास अशी योजनाच नसेल तर आठ-दहा कुटुंबे जमवून आधीपासून भाजी पिकवणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडे जा आणि एका हंगामापुरती सुरुवात करा. मात्र ज्याने आजवर भाजी केलेलीच नाही, त्याला तुमच्या पैशांवर पहिला प्रयोग करू देऊ नका. त्या बिचाऱ्याचीही ओढाताण होते आणि सभासदांचीही.

४. पैसे देण्याआधी शेतावर जा

ही पायरी कोणीही गाळू नये. फोटो आणि फोनवरचे बोलणे याच्या भरवशावर हजारो रुपये देऊ नयेत. शक्यतो सकाळी जा, आधी कळवून जा, आणि शेतकऱ्याचा कामाचा वेळ जपून विचारा. मी पुढील गोष्टी बघते.

*पाणी.* "पाणी आहे का" असे विचारू नका, ऑक्टोबरमध्ये सगळ्यांकडेच असते. "फेब्रुवारीच्या शेवटी पाणी कुठून येते" असे विचारा. विहीर, तळी, ओहोळावरचा बंधारा की कालवा? पेडणे, डिचोली, बार्देशात तिळारीचा कालवा आहे, सत्तरीत अंजुणेचे आणि सांगे-केप्यात साळावलीचे पाणी आहे. कालवा दुरुस्तीसाठी बंद राहिला तर दुसरी सोय काय, हे विचारलेच पाहिजे. शेत खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, असेल तर बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचे दार) धड आहेत का ते बघा. खारे पाणी एकदा आत शिरले की त्या हंगामाची भाजी गेली.

*जनावरे.* सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांत गवेरेडे, रानडुकरे, माकडे आणि मोर यांचा उपद्रव खरा आहे. एका रात्रीत वाफेच्या वाफे तुडवले जातात. कुंपण कसले आहे, रात्री राखण कोण करतो, हे विचारा. चांगला शेतकरी यावर लगेच आणि तपशिलाने बोलतो, कारण त्याची झोप त्यातच गेलेली असते.

*जमीन.* स्वतःची आहे, कुळाची आहे, की एका हंगामापुरती कसायला घेतली आहे? यासाठी नमुना १ व १४ चा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा मागण्याची गरज नाही, आपण जमीन घ्यायला गेलेलो नाही. पण हंगामाच्या मध्यात मालक जमीन परत मागू शकतो का, एवढे माहीत असावे.

*किती प्रकार लावले आहेत.* एकाच पिकावर अवलंबून असलेल्या शेताचा वाटा घेऊ नका. गोव्याची जांभ्या दगडाची माती आम्लधर्मी आहे आणि वांग्यावर जिवाणूंची मर इथे फार पडते. हिरवेगार झाड दोन दिवसांत मान टाकते. त्याचे खोड कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात धरले तर पांढरट धागा पाण्यात उतरताना दिसतो. मर आलेल्या वाफ्यातली वांगी त्या हंगामात परत येत नाहीत. अशा वेळी भेंडी, वाली आणि नवलकोल असतील तर टोपली रिकामी राहत नाही.

*खत आणि फवारणी.* शेतकरी जीवामृत वापरतो असे म्हणाला तर पिंप बघायला मागा. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती घालून ते आंबवतात. जो खरोखर करतो त्याच्याकडे पिंप, वास आणि ढवळायची काठी असतेच. रासायनिक औषध वापरणारा शेतकरी वाईट असतो असे मी म्हणणार नाही. पण फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडता, हे त्याला विचारा. औषधाच्या वेष्टनावर तो कालावधी लिहिलेला असतो.

सेंद्रिय प्रमाणपत्राबद्दल थोडे. लहान शेतकऱ्यांसाठी पीजीएस-इंडिया ही सरकारी पद्धत आहे. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो. शेत रासायनिक शेतीतून बाहेर पडत असताना 'ग्रीन' आणि बदल पूर्ण झाल्यावर 'ऑर्गॅनिक' असे दोन शिक्के मिळतात. दुसरी पद्धत एनपीओपीची, तिच्यात बाहेरची संस्था येऊन तपासते. तिचा खर्च मोठा असल्यामुळे लहान शेते तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. प्रमाणपत्र असेल तर प्रत बघा. नसेल तर 'सेंद्रिय' या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका, ताजेपणासाठी आणि त्या माणसाच्या कष्टांसाठी द्या.

*बेळगावची भाजी गावठी म्हणून.* हा सापळा खराखुरा आहे. टोपलीत बटाटे, गाजरे, ढबू मिरची दर आठवड्याला येत असतील, किंवा जुलैत फ्लॉवर आला, तर तो माल या शेतातला नाही. आमच्या ओळखीतल्या एका गटाला मध्येच एकसारख्या आकाराचे घट्ट कोबी येऊ लागले. चौकशी केली तेव्हा टोपली भरून दिसावी म्हणून घाऊक बाजारातून आणल्याचे निघाले. बाहेरून माल घेण्याला माझा विरोध नाही, पण तो तसा सांगून, वेगळा मोजून द्यावा. याबद्दल पहिल्याच भेटीत बोलून घ्या.

नामांकित वाणांबद्दलही असेच. आगशीची वांगी, खोल्याची मिरची, हरमलची मिरची, सात शिरांची भेंडी यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्यांपैकी पहिल्या तिघींची तर नावेच गावांवरून आली आहेत. दुसऱ्या तालुक्यातल्या शेतावर 'आगशीची वांगी' म्हणून जास्त दर लावला असेल तर बी कुठून आणले ते विचारा. बी आगशीचे असले तरी पीक त्या शेताचेच म्हणायचे.

५. अटी कागदावर घ्या

गावात ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो. मागाच. साध्या वहीच्या पानावर दोघांच्या सह्या पुरतात आणि त्याने संबंध बिघडत नाहीत, उलट टिकतात. त्यात पुढील मुद्दे असावेत:

- हंगाम कधी सुरू, कधी बंद, एकूण किती आठवडे
- टोपलीत साधारण किती किलो किंवा किती प्रकार
- एकूण रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा
- टोपली कुठे, कोणत्या वारी, किती वाजता मिळणार आणि किती वाजेपर्यंत थांबणार
- पीक गेले तर काय: आठवडे पुढे वाढणार, काही रक्कम परत, की तोटा सगळ्यांनी सोसायचा
- सभासद परगावी गेला तर त्याच्या टोपलीचे काय
- बाहेरचा माल घालणार का, घातला तर कसा कळवणार

पैशांबाबत माझा आग्रह हप्त्यांचा आहे. आकडे समजण्यासाठी धरू या की आठवड्याला ५०० रुपयांचा वाटा आहे आणि हंगाम १६ आठवड्यांचा, म्हणजे एकूण ८,००० रुपये. त्यातले ४,००० नाव देताना, २,००० पहिली टोपली हातात आल्यावर आणि २,००० जानेवारीच्या शेवटी. निम्मे आधी द्यायलाच हवेत, नाहीतर योजनेला अर्थ राहत नाही. पण सगळेच्या सगळे सप्टेंबरमध्ये मागणाऱ्या अनोळखी शेताला नम्रपणे नाही म्हणा. यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. आणि पैसे शेतकऱ्याच्याच खात्यात जात आहेत ना, हे नाव वाचून खात्री करा. मधला माणूस स्वतःच्या खात्यात घेत असेल, तर शेतकऱ्यापर्यंत किती पोचतात ते शेतकऱ्यालाच विचारा.

पीक गेल्याच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ द्या. 'तोटा सगळ्यांनी सोसायचा' ही अट मला रास्त वाटते, कारण वाट्याचा अर्थच तो आहे. पण तिच्यासोबत 'शेतकऱ्याने वेळेवर कळवायचे' ही अटही हवी. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस येऊन रोपे कुजली तर त्याच दिवशी निरोप यावा. तीन आठवडे टोपली येत नाही आणि फोनही उचलला जात नाही, असे होता कामा नये.

दराची तुलना फलोत्पादन महामंडळाच्या दुकानाशी करू नका. तिथे सरकारी अनुदानामुळे भाजी स्वस्त मिळते. दोन्ही व्यवहार वेगळे आहेत आणि घरात दोन्ही लागतात. कांदे-बटाटे आम्हीही तिथूनच आणतो.

वार निवडायची संधी असेल तर रविवार संध्याकाळ मागून घ्या. सोमवारी बहुतेक घरांत मासे नसतात, आणि टोपलीतला सगळ्यात नाजूक पाला ताजा असतानाच संपतो.

६. काय काय जवळ ठेवायचे

कागदपत्रे फारशी लागत नाहीत. तुमचे नाव, फोन, पत्ता आणि घराच्या जागेची खूण एवढे शेतकऱ्याला द्या. आधारची प्रत कोणी मागितली तर देण्याचे कारण नाही. तुमच्याकडे सह्यांचा कागद, प्रत्येक हप्त्याची पावती किंवा यूपीआयची नोंद, आणि एक छोटी वही असावी. वहीत तारीख, काय आले, अंदाजे किती वजन, एवढेच लिहा.

सामान असे:

- दोन टोपल्या किंवा क्रेट, म्हणजे एक शेतावर असते तेव्हा एक घरी
- जुने सुती पंचे, पाला गुंडाळायला
- भाजी धुवायला रुंद परात
- स्वयंपाकघरातला वजनकाटा असला तर उत्तम

७. पहिली टोपली घरी आल्यावर

पहिला अर्धा तास टोपलीला द्या, ती तशीच कोपऱ्यात ठेवून झोपू नका. मुळ्याचा आणि नवलकोलचा पाला लगेच कापून वेगळा करा. तो तसाच ठेवला तर कंदातले पाणी ओढून घेतो आणि कंद मऊ पडतो. पाला मात्र टाकायचा नाही. मुळ्याचा पाला मुगाची डाळ आणि ओले खोबरे घालून होतो, नवलकोलचा कोवळा पाला तांबड्या भाजीत मिसळता येतो. तांबडी भाजी न धुता ओलसर पंच्यात गुंडाळा आणि दोन दिवसांत संपवा. वांगी आणि भेंडी कोरडी ठेवा. धुतलेली भेंडी दुसऱ्या दिवशी चिकट होते.

पानांना भोके असतील, वांग्यात एखादी अळी निघेल. पाला मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवला की बारीक किडे वर येतात. किडके वांगे अर्धे कापून चांगला भाग घ्या. टोपलीतली निम्मी वांगी किडकी असतील तर कळवा, एखाद्यासाठी फोन करू नका.

आठवड्याचा क्रम साधा आहे: आधी पाला, मग भेंडी आणि वाली, मग वांगी आणि नवलकोल, शेवटी भोपळा आणि कंद. डिसेंबर-जानेवारीत काटेकणंगी, करांदे, सुरण, माडी असे कंद येऊ लागले की खतखते करा, तिरफळे घालून. एकाच भांड्यात टोपलीतले उरलेसुरले सगळे जाते. सुक्या अळसांद्यांचे तोणाक तर मार्चनंतरही महिने चालते, म्हणून ते आले की बरणी भरून ठेवा. मिरच्या जास्त आल्या तर फेब्रुवारीच्या उन्हात दही-मीठ लावून वाळवा. वांगी जास्त झाली तर काप करा, शेजारी द्या, किंवा त्या आठवड्यात पाहुणे बोलवा.

मुलांना कंटाळा येईल. सलग तिसऱ्या आठवड्यात तांबडी भाजी आली की मोठ्यांनाही येतो. बाजारात आधी जेवण ठरवून मग भाजी आणतात. इथे आधी टोपली उघडायची आणि मग काय रांधायचे ते ठरवायचे. ही सवय लागायला एक महिना तरी जातो. ज्या घरात रांधणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय वाटा घेतला जातो, तिथे तो पुढच्या वर्षी बंद होतो. नाव देण्याआधी तिला किंवा त्याला विचारा, आणि निवडणे-चिरणे सगळ्यांनी मिळून करा.

८. हंगाम चालू असताना

परगावी जाणार असाल तर तोडणीच्या दोन दिवस आधी कळवा. तोडून ठेवलेली भाजी परत रोपावर लावता येत नाही. स्वतःची टोपली शेजाऱ्याला किंवा जवळच्या एखाद्या आश्रमाला द्यायची सोय करून जा.

तक्रार असेल तर सगळ्यांच्या गटात लिहू नका, आधी शेतकऱ्याला फोन करा. वहीतल्या नोंदी बघून बोला: "मागच्या तीन टोपल्या तीन किलोंच्या आतच होत्या, काय झाले?" असे विचारले की नीट उत्तर मिळते. कधी मजूर मिळालेले नसतात, कधी माकडांनी शेंगा ओरबाडलेल्या असतात. उत्तर पटण्यासारखे असेल तर सोसा.

एकदा तरी मुलांना घेऊन शेतावर जा. काही शेते सभासदांना कामाला बोलावतात, तण काढायला किंवा अळसांद्यांच्या शेंगा खुडायला. जमेल तर जरूर जा, पण ते सक्तीचे असेल आणि त्याबद्दल आधी सांगितलेले नसेल, तर नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. जाल तेव्हा मेरेवरून चाला, वाफ्यात पाय घालू नका आणि विचारल्याशिवाय काही तोडू नका.

टोपली वेळेवर उचला. उतरवण्याची जागा बहुधा कोणाच्या तरी घरची असते, आणि संध्याकाळी सातला ठरलेली टोपली रात्री दहाला न्यायला आलात तर त्या घरच्यांची पंचाईत होते. रिकामी टोपली धुऊन त्याच वेळी परत करा.

९. हंगाम संपताना

मार्चच्या मध्याला टोपल्या हलक्या होतात. शेवटच्या टोपलीआधी हिशेब करून घ्या: ठरलेले आठवडे किती, आले किती, पैसे किती गेले. काही आठवडे बुडाले असतील आणि ते भरून द्यायचे ठरलेले असेल, तर पावसाळी वाट्यात धरायचे की परत घ्यायचे हे तेव्हाच ठरवा. उरलेली रक्कम 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून सोडू नका. पुढच्या वर्षी त्या शेतात भाजीच होणार नाही, असेही घडते.

त्याच भेटीत शेतकऱ्याला सांगा की घरात काय आवडले आणि काय वाया गेले. वाली कमी आणि मिरची जास्त हवी असेल तर ते बी राखण्याच्या वेळी कळायला हवे, ऑक्टोबरमध्ये सांगून उपयोग नसतो. पावसाळी वाटा हवा असल्यास मेच्या आत नाव द्या, कारण वेलांचे मांडव पहिल्या पावसाआधी उभे राहतात. पुढच्या वायंगणासाठी चवथ आटोपली की फोन करा. बहुतेक शेते जुन्या सभासदांना दसऱ्यापर्यंत जागा राखून ठेवतात, त्यानंतर ती नव्यांना देतात.